खुर्चीसकट

माझी खुर्ची माझ्याशिवाय पाण्यावर निघाली, आणि ती धक्क्यापासून बरीच लांब गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आता मला या बाकावरून हलता येणार नाही. तोवर मी हात हलवत होतो. होडीतून बायकोही हात हलवत होती. मुलगी सुकाणूपाशी उभी राहून होड्या विकणाऱ्या बाईचं काहीतरी मान डोलावत ऐकत होती. आणि पुढच्या टोकाला माझ्या खुर्चीत, माझ्या उशीवर, खुर्चीच्या खालच्या पट्टीवर दोन्ही पाय शहाण्यासारखे जोडून माझा मेहुणा बसला होता. मोटरचा आवाज लहान होत गेला. मी हात खाली घेतला आणि तो कुठे ठेवावा ते कळेना, कारण एरवी तो चाकावर असतो. बाक लाकडी होता, उन्हाने थोडा तापलेला, आणि त्याला हात टेकायला काही नव्हतं. मी कडेची फळी धरली. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, हा गृहस्थ आता उठून चालायला लागणार आहे.

झालं ते सगळं काळजीपोटी झालं, त्यामुळे राग कुणावर काढावा हेही कळेना. खुर्ची एका अंगाला अडकवली की होडी कलते का, हे आधी बघायचं होतं. बाईने विचारलं, यांचं वजन किती असेल, आणि विचारलं बायकोला. मी आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त करत आलो आहे. आमच्या पेठेतल्या अर्ध्याअधिक दुकानांतले काटे माझ्या हाताखालून गेलेत, आणि स्वतःचं वजन मला कपड्यांसकट आणि कपड्यांवाचून दोन्ही माहीत आहे. पण मी उत्तर द्यायच्या आत बायको म्हणाली, साधारण माझ्या भावाएवढंच. मग रिकामी खुर्ची चढवून काय उपयोग, वजनासकट बघू या, असं बाई म्हणाली. आधी यांना नको, काही झालं म्हणजे, असं बायको म्हणाली. आणि मेहुणा तर तयारच होता. तो बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करतो, घरात त्याला आम्ही भोंगा म्हणतो, आणि कुठल्याही खेळात पहिलं नाव त्याचंच असतं. मी बसतो दाजींच्या जागी, म्हणाला, तेवढीच पाठीला विश्रांती. सगळे हसले. मीही हसलो. मला बाकावर सरकवलं, मफलर नीट केला, आणि आलोच म्हणून सगळी मंडळी गेली.

आमच्या धंद्यात काटा तपासायला पितळी वजनं असतात. गिऱ्हाइकाचा माल काही आपण मागवत नाही, त्याच्या जागी आपलं वजन ठेवायचं, काटा बरोबर दाखवतो का बघायचं, वजन पुसून पेटीत ठेवायचं. हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा केलं आहे की त्यात काही विचार करण्यासारखं असेल असं वाटलं नव्हतं. आता भोंगा तिथे ठेवलेला होता आणि मला तो पाठमोरा दिसत होता. मला माझी खुर्ची पाठीमागून कधी दिसलेलीच नाही, निदान त्यात माणूस असताना. तिच्या पाठीचं कापड मधोमध पोक आल्यासारखं बाहेर येतं. माणसाचं डोकं इतरांच्या कमरेच्या उंचीवर असतं. बायको त्या डोक्याच्या वरून बाईशी बोलत होती, मुलगी मागून हाताने काहीतरी दाखवत होती, आणि तिघींच्या मध्ये ते डोकं पाण्याकडे तोंड करून गप्प होतं. भोंग्याला मी झोपेतसुद्धा गप्प पाहिलेला नाही. लांबून ती एक पेशंट घेऊन निघालेली मंडळी दिसत होती. मला ते बघवेना, आणि का बघवेना हे मी मनाशी सांगायचं टाळत राहिलो.

कारण जुन्या होडीत असं नव्हतं. जुनी होडी म्हणजे सासऱ्यांची लाकडी, अरुंद, आडव्या फळ्यांची, बुडाशी सदा थोडं पाणी साचलेली. लग्न झालं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला तिच्यात बसवलं ते माझी परीक्षा घ्यायला, आणि मी उभा राहिलो तशी ती अशी हेलकावली की ते ओरडले, जावईबापू, होडीत फक्त मासा उभा राहतो. मासा कसा उभा राहील, हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी होडीत उभं राहिलं नाही. सगळे बसून. सरकायचं तरी बसून, जागा बदलायची तरी बसून, एकमेकांचे गुडघे एकमेकांना लागताहेत, डबा हातोहात जातोय. पुढे माझ्या कण्यात गाठ निघाली. गाठ काढली, ती गेली आणि जाताना पाय घेऊन गेली. महिनोन् महिने मी पलंगावरून वर बघत होतो आणि लोक खाली बघत होते. डॉक्टर, नर्सा, नातेवाईक, दुकानात काटे घेऊन येणारे वाणी, सगळ्यांच्या हनुवट्या मला ओळखू यायला लागल्या. मग एका सुट्टीच्या दिवशी भोंग्याने मला पाठीवर घेतलं, बायकोने मागून पाय धरले, आणि दोघांनी मला होडीत फळीवर नेऊन ठेवलं. खुर्ची काठावर राहिली. आम्ही पाण्यात आत गेलो, मुलीने वल्ही उचलून घेतली, आणि मी मान वळवून पाहिलं तर सगळ्यांचे डोळे माझ्या डोळ्यांच्या उंचीवर होते. कुणालाच चालता येत नव्हतं. चालायला जागाच नव्हती. माझ्या गळाचं पाण्यावर तरंगणारं बूच बुडालं तेव्हा मुलगी म्हणाली, बाबा, लक्ष कुठे आहे, आणि तिच्या आवाजात चीड होती, साधी, घरातली चीड, जी काही महिने कुणी माझ्यावर खर्च केली नव्हती. मी घरी येऊन रडलो. बायकोला वाटलं पाठ दुखतेय, म्हणून तिने गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

तेव्हापासून मी त्या सुट्टीच्या दिवसावर जगतो, असं म्हटलं तर फार वाटेल, पण खरं आहे. कारखान्याच्या वजनकाट्याखाली हात घालून बसलेलो असतो तेव्हाही मनात पाणी असतं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आणि आता भोंग्याचा मणका सरकला, बायकोचे गुडघे औषधाच्या दुकानात दिवसभर उभं राहून राहून गेले, आणि मला उचलायला कुणी राहिलं नाही. डॉक्टरांनी भोंग्याला पाण्याची बादली उचलायला बंदी केली आहे, मग मेहुण्याचा नवरा तर लांबच, असं तोच आम्हाला हसत सांगतो आणि आपण नातं चुकवलं हे त्याला कळतही नाही. तेव्हा नवीन होडी घ्यायची, खुर्चीसकट चढता येईल अशी. गेले कित्येक रविवार आम्ही होड्याच बघत होतो. एका होडीला खुर्ची चढायची पण वळायची नाही, म्हणजे मी जन्मभर भिंतीकडे तोंड करून मासे धरायचे. एकीला उचलून घ्यायचा हात होता, पट्ट्यांत अडकवून माणसाला वर टांगायचं आणि अलगद आत सोडायचं. ते बघून मुलगी म्हणाली, म्हणजे आज बाबाच गळाला, आणि मी हसलो खरा, पण रात्रभर माझ्या काखांत त्या पट्ट्या रुतत राहिल्या. ही आजची शेवटची. सपाट तळ, चारी बाजूंनी कठडा, धक्क्याला लागली की पुढचं तोंड उघडून खाली पडतं आणि त्यावरून खुर्ची सरळ आत. हीही जमली नाही तर पुरे झालं, असं बायको काल भांडी आवरताना म्हणाली, मग जुनी देऊन टाकू आणि तो विषयच संपवू. तिचा आवाज थकलेला होता. मी नुसतं हूं केलं. मला विचारायचं होतं की हिच्यात उभं राहता येतं का. सगळे उभे राहणार आणि मी बसणार, असं तर नाही ना. पण हे विचारायचं म्हणजे बाकीचं सगळं सांगायला लागलं असतं, आणि ती माझ्यासाठी गुडघे चोळत रविवारमागून रविवार धक्के पालथे घालत असताना मला होडी फार चांगली आहे हीच अडचण वाटते, हे कुठल्या तोंडाने सांगणार. नाही म्हणावं तर पाणी जातं. हो म्हणावं तर खुर्ची पाण्यावर येते.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी बसलं. लोकरी टोपी घातलेले एक गृहस्थ, डॉक्टरांनी चालायला सांगितलेले असावेत, कारण बसल्या बसल्या त्यांनी नाडी बघितली. पाणी आज बरं आहे म्हणाले. मी हो म्हटलं. माझ्या हनुवटीच्या समोर त्यांची हनुवटी होती. त्यांनी जरा सरकायला सांगितलं, त्यांच्या बाजूला ऊन येत होतं, आणि मी हातांवर अंग तोलून सरकलो. त्यांना त्यात काही वेगळं दिसलं नाही. मला एकदम इतकं बरं वाटलं की मी पुन्हा थोडा सरकलो. मग त्यांनी होडीकडे बोट केलं.

"ती तुमचीच मंडळी का?"

"हो."

"खुर्चीतले ते कोण?"

"मेहुणा," मी म्हणालो. इथवर सगळं खरं होतं.

ते चुकचुकले. कधीपासून, त्यांनी विचारलं, आणि मी झाली काही वर्षं असं सांगून मोकळा झालो. पाय जीव नसल्यासारखे पडले होते, ते मी हाताने उचलून एकावर एक टाकले, पँटची घडी सारखी करतो आहोत असं दाखवत. त्यांच्या भावाच्या साडूचं असंच झालं होतं म्हणे, माणूस तसा धडधाकट, पण स्वभाव पार गेला. घरातल्या बाईचं मरण असतं हो. तुमचे मेहुणे मनाने कसे आहेत, असं त्यांनी विचारलं. बडबड करतो, मी म्हणालो, पण आतून चिडका आहे, सगळ्यांनी इतकं करून त्याला बरं म्हणून वाटत नाही. असतंच तसं, ते म्हणाले, पण तुम्ही त्याला पाण्यावर नेता हे फार मोठं आहे, तेवढाच त्याला विरंगुळा. मला थांबता येत होतं. मला सांगता येत होतं की तो खुर्चीतला मी आहे. पण ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जशी मी गेल्या कित्येक वर्षांत माझ्याकडे वळलेली पाहिली नव्हती, दोन बाप्ये तिसऱ्याबद्दल बोलताना असते ती, आणि मला ती सोडवेना.

"मासे धरतो का तो?"

"गळ हातात दिला की धरून बसतो," मी म्हणालो.

किती सहज निघालं ते तोंडातून. जिभेला अडखळायलासुद्धा झालं नाही. ते गृहस्थ उठले, म्हणाले चला, टोकापर्यंत जाऊन येऊ, बसून बसून पाय आखडतात. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. ते पुढे झाले. मी फळी घट्ट धरली आणि होडी कुठे आहे ते शोधायला लागलो, आणि ती कुठे दिसेना तेव्हा माझा जीव घाबरा झाला, पोहता न येणाऱ्याचा पाण्यात होतो तसा, भर उन्हात, कोरड्या बाकावर. खुर्ची हवी, खुर्ची आणा, एवढंच डोक्यात होतं. जिच्या नावाने बोटं मोडत होतो, तीच हवी होती. एका नांगरलेल्या गलबतामागून होडी बाहेर आली आणि मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचाही राग आला.

धक्क्याला लागल्यावर भोंगा पट्ट्या सोडून उठला आणि खुर्ची ढकलत चालत माझ्याकडे आला. टोकाकडून परतणारे ते टोपीवाले गृहस्थ जागच्या जागी थांबले. भोंगा चालतोय हे त्यांनी पाहिलं, मग मला खुर्चीत सरकताना पाहिलं, आणि मग ते आमच्याकडे न बघता दुसऱ्या वाटेने निघून गेले. हसावं असं ते होतं, पण हसू आलं नाही. बायको खूश होती. जरासुद्धा कलली नाही, म्हणाली, वळतेही छान, कठडा घट्ट आहे, अगदी काही म्हणजे काही काळजी नाही. मुलगी म्हणाली, गाडीपेक्षा हलकी चालते, आणि तिच्या तोंडून हे म्हणजे पुष्कळ, ती दिवसभर सामानाची गाडी चालवते. भोंगा मात्र खुर्चीमागे उभा होता. तो माझ्या कानाशी वाकला.

"दाजी," तो म्हणाला, "तिथं बसल्यावर माझ्याशी कुणी बोललंच नाही."

बायकोने ते ऐकलं आणि काहीतरीच तुझं म्हणाली. मुलगी म्हणाली, मामा, तूच गप्प होतास, आम्हाला वाटलं पाण्याची भीती वाटतेय. भोंगा हसला, पण त्याच्या नेहमीच्या आवाजात हसला नाही. मला त्याच्याबद्दल माया वाटली आणि त्याच श्वासात त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली. मी इतकी वर्षं तिथे बसलोय ते याला एका फेरीत कळलं, आणि कळलं ते त्याला स्वतःला लागलं म्हणून. बाईने सगळ्यांकडे बघत विचारलं, मग पक्कं करू या का, आणि सगळ्यांनी माझ्याकडे न बघता हो हो केलं. तेव्हा मी म्हणालो, मला बसायचंय तिच्यात. आता कशाला, बायको म्हणाली, सगळं बघून झालं, ऊन उतरलं, गार व्हायला लागलंय. मी पुन्हा तेच म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण बाई दोन पावलं मागे झाली आणि म्हणाली, जा ना तुम्ही घरचेच, मी थांबते.

खुर्ची आत गेली. पुढच्या टोकाला, तोंड पाण्याकडे, म्हणजे दृश्य छान दिसतं. चाकांना पट्ट्या लागल्या, खट्ट वाजलं, होडी निघाली. आणि अगदी मला वाटलं होतं तसंच झालं, बोलणं माझ्या डोक्यावरून जायला लागलं. भोंगा आता पुन्हा उभा होता आणि त्याला पुन्हा कंठ फुटला होता. बर्फाची पेटी कुठे ठेवायची यावर तिघं बोलत होते. मी मान वळवली तर बायकोची कंबर दिसली. समोर पाणी होतं, भरपूर, पण ते फार खाली होतं, जुन्या होडीत ते हाताला लागायचं. मी कमरेचा पट्टा सोडला, पाय हाताने उचलून बाजूला घेतले, एक हात खुर्चीच्या बुडाला लावला आणि घसरत तळावर उतरलो. घरी मी रोज उतरतो तसाच. बायको किंचाळायच्या बेतात होती. मी तिच्याकडे तोंड करून कठड्याला पाठ लावून बसलो आणि म्हणालो, खाली बसा सगळे.

त्यांना काय वाटलं कोण जाणे. पण भोंगा लगेच बसला, कण्हत, पाठ सांभाळत, माझ्या शेजारी. मुलीने सुकाणूमागचं बुटकं आसन ओढलं. राहिली बायको. तिच्या गुडघ्यांना खाली बसणं होत नाही, ती हात पसरून मधोमध उभी होती आणि होडी एका जाणाऱ्या गलबताच्या लाटेवर हलली. ताई, बस की कुठेतरी, भोंगा म्हणाला. बसण्यासारखी जागा एकच होती. ती खुर्चीत बसली. पाण्याकडे तोंड, आमच्याकडे पाठ. मी कठड्याच्या खालच्या दांडीखालून हात बाहेर घातला आणि बोटं पाण्याला लागली. पाणी थंड होतं. मुलगी मागून माझ्याकडे बघत होती, माझे डोळे तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होते. वर्षभरात मला इतका आनंद झाला नव्हता. मला वाटलं, जमलं, आता सगळं जमलं. वारा सुटला होता. मुलीने कॉलर वर केली आणि मोटरच्या आवाजावरून मला विचारलं, "बाबा, आईला गार लागतंय का?"

"छे," मी म्हणालो, "शाल आहे तिच्याकडे."

आणि बोटं पाण्यात तशीच ठेवून मी बर्फाच्या पेटीबद्दल काहीतरी बोलायला लागलो. भोंग्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता. मग मला खुर्चीच्या पाठीचं कापड दिसलं, मधोमध बाहेर आलेलं, आणि वर बायकोचं डोकं, वाऱ्याने विस्कटलेलं, न हललेलं.

"शाल गाडीत राहिलीय," ती म्हणाली. मागे न वळता. "मला गार लागतंय."

मुलीने मोटर बंद केली. मी ओला हात पँटला पुसला. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो, मान वर करून तिलाच विचारलं असतं तर पुरलं असतं. बायको दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून बसली होती, जणू ती तिथून काहीतरी मोजते आहे. मग तिने विचारलं, "अहो, तुम्हाला रोज असंच होतं?"

मी हो म्हणालो.

"मग सांगितलं का नाहीत?"

मला कुणी विचारतच नाही, हे उत्तर माझ्याकडे मिनिटापूर्वीपर्यंत होतं. आता मीही तिला न विचारता तिच्या वतीने बोललो होतो. मग तीच म्हणाली, "होडी हीच घेऊ. खुर्ची तुम्हाला आत सोडून धक्क्यावर ठेवायची." भोंगा हळूच म्हणाला, ताई, आणि तू कुठे बसशील, तुझे गुडघे. तिने माझ्या दिशेने, न बघता, एक हात खाली सोडला.

"आधी मला इथून उतरवा," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला, दुसरा भोंग्याने धरला, मुलीने मागून कंबर धरली. तिचं सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं, तिचे गुडघे कडाडले, आणि ती माझ्या शेजारी तळावर बसली. मी माझा मफलर काढून तिच्याकडे धरला आणि विचारलं, "तुला हवाय का?"